खैरपाड्याची पाळी

धाकूमामा,

तुम्ही गेल्याचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले होते. धावपळ करून तेराव्याला तुमच्या गावी, पोशीरला येऊन गेलो. मांडवात बसलेली माणसं तुमच्याबद्दल जे बोलत होती ते सगळं खरं होतं. मीही मान डोलावत बसलो. पण आपलं दोघांचं एक बोलणं बारा-तेरा वर्षं अर्धवट राहिलंय आणि ते त्या मांडवात काढण्यासारखं नव्हतं. म्हणून घरी आल्यावर हे लिहायला बसलो. तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं. तरीही तुम्हालाच लिहितोय, कारण या गोष्टीतलं निम्मं तुम्हाला माहीत होतं आणि निम्मं मला, आणि ते जोडून पाहणारं तिसरं कुणी नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. घाटावरचा, नगरकडचा. दुष्काळाची दोन वर्षं डोळ्यांनी बघून आलेला. कुठे पाणी वाया जाताना दिसलं की मला राग यायचा, खरा राग, कुणीतरी घरातलं चोरून नेतंय असा. कर्जतच्या पाटबंधारे ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मला काम मिळालं. कालव्याची सुधारणा व्हायची होती. मातीचे काठ जाऊन सिमेंटचं अस्तर येणार होतं आणि पाण्याच्या पाळ्या नव्याने ठरणार होत्या. त्याआधी कोणत्या गावाचा पाण्यावर किती हक्क आहे याची पक्की यादी हवी होती. जुन्या वहीतली एकेक नोंद घ्यायची, जागेवर जाऊन बघायची, हक्क वापरात असेल तर ठेवायचा, नसेल तर काढून टाकायचा. जागा दाखवायला पाटकरी बरोबर दिला. पाळीच्या दिवशी कालव्याची दारं उघडायची आणि बंद करायची हे ज्याचं काम, ते तुम्ही, सगळ्या ऑफिसचे मामा.

तुमचं पाणी मला पहिल्यापासून जरा विचित्र वाटायचं. आमच्याकडे पाणी म्हणजे पाऊस, नाहीतर विहीर. इथे डोंगर वणव्यांनी काळे पडलेले, झाडं पानाविना उभी, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि पायाखालच्या कालव्यातून गार, हिरवट पाणी चाललेलं. घाटावरच्या तलावातलं पाणी मोठाल्या नळांतून खाली भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, तिथली चाकं फिरवतं आणि मग आपल्या कालव्याला लागतं, हे मी वाचलेलं होतं. पण एका दुपारी तुमच्याबरोबर काठावर डबा खात बसलो असताना मी ते वाढताना पाहिलं. पलीकडच्या काठावरचा एक दगड उघडा होता, तो दिसेनासा झाला. मग एक मूळ बुडालं. लाट नाही, खळखळ नाही. वाऱ्याने पानही हलत नव्हतं.

"काल सांजच्याला मुंबईत दिवे लागले ना, त्यातलं हे पानी," तुम्ही भाकरी मोडत म्हणालात.

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

"पान्याला आवाज असतो असं लोकांना वाटतं, सायेब. वाढताना नसतो."

खैरपाडा आपण गाठला तो माघातला दिवस होता. वहीत नोंद स्वच्छ होती. कालवा खणताना पाड्याची जमीन गेली, त्याच्या बदल्यात दर पाळीला अर्धा दिवस पाणी, कायमचं. सकाळी दहाच्या सुमाराला तुम्ही मला कालव्याच्या दारापाशी नेलंत, चाक फिरवून लोखंडी पत्रा वर उचललात, आणि पाणी चारीतून, शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटातून, खाली पळालं. मग तोंडाभोवती हात धरून तुम्ही खालच्या अंगाला हाक घातलीत.

"खैरपाडं, पानी सोडलंय रं."

सगळ्याच गावांना तुम्ही अशी हाक द्यायचात, त्यात नवीन काही नव्हतं. थोड्या वेळाने खालून उत्तर आलं. बारीक बाईचा आवाज, एकच अक्षर, शेवटाला उंच ओढलेलं. "ओ."

"चला, पोचलं," असं म्हणून तुम्ही वाट उतरू लागलात आणि मी वही काखोटीला मारून मागोमाग निघालो. गावात पाणी कोण घेतं, किती एकर भात आहे, हे विचारायचं माझ्या मनात घोळत होतं. खाली पोचलो तर गाव नव्हतं. घरांची जोती होती, गुडघाभर उंचीची, त्यांतून करवंदीची जाळी वाढलेली. एका जोत्यावर पाटा पडला होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. तुळशीवृंदावनं होती, कडेला एक जातं उलटं पडलेलं. छप्पर एकही नाही. माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही.

"लोक कुठं आहेत?" मी विचारलं.

"पटकी आली तेव्हा निम्मं गाव गेलं. मी तेव्हा दहा-बारा वर्सांचा. एका आठवड्यात. राहिलेले उठून खोपोलीकडं गेले, शिळफाट्याला. कोन परत आलं नाय."

आणि त्या जोत्यांच्या खाली शेतं होती. मला आजही डोळे मिटले की ती दिसतात. एकाखाली एक उतरत गेलेली आठ-दहा खाचरं, प्रत्येकाचा बांध नीट लिंपलेला, एकही खिंडार नाही. तुम्ही सोडलेलं पाणी वरच्या खाचरात पसरत होतं, ते भरल्यावर दुसऱ्यात उतरत होतं. भाताची एक काडी नव्हती. नांगरट नव्हती. रिकाम्या शेतात नुसतं पाणी भरत होतं, त्यात डोंगर उलटा दिसत होता, आणि सगळीकडे इतकी शांतता की माती पाणी पिताना बुडबुडे फुटत होते ते ऐकू येत होतं.

"मग मघाशी ओ कुणी दिली?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मामा, तेव्हाच तुम्ही मला सांगू शकत होतात. तुमच्या मनात येऊन गेलं होतं, हे तुम्ही नंतर कबूल केलंत. पण माझ्या काखेत ती वही होती. तुम्ही म्हणालात, "ज्यांची पाळी, ते देतात ओ."

माझ्या मानेवर काटा आला आणि दुसऱ्या क्षणी मला स्वतःचा राग आला. शिकलेला माणूस मी, अशा गोष्टींना घाबरत नाही असं मानणारा. त्याच रागात मी तिथेच उभा राहून वहीत लिहिलं, गाव ओसाड, लागवड नाही, हक्क वापरात नाही, रद्द करावा.

परत येताना वाटेभर आपला वाद झाला. वाद म्हणजे मीच बोलत होतो. दर पाळीला अर्धा दिवस पाणी ओसाड मातीत जातं, खालच्या टोकाच्या शेतकऱ्यांचा भात त्याच अर्ध्या दिवसावाचून करपतो, आमच्याकडे माणसं एका हंड्यासाठी तीन मैल चालतात. तुम्ही ऐकत होतात. शेवटी एवढंच म्हणालात, "त्यांची जमीन घेऊन दिलेलं पानी हाय, सायेब. त्यांना इचारल्याबिगर कसं काढायचं?"

"मेलेल्यांना कसं विचारायचं ते तुम्हीच सांगा."

"तुमी इचारू नका. नुसतं राहू द्या."

मी राहू दिलं नाही. त्या पावसाळ्यानंतर कालव्याच्या त्या भागाला सिमेंटचं अस्तर झालं. सुंदर काम झालं होतं, गुळगुळीत, उतार एकसारखा. माझं पहिलं काम. पूर्वी मातीतून पाणी झिरपायचं ते बंद झालं. नव्या पाळीपत्रकात खैरपाड्याचं नाव नव्हतं. त्याच्या दाराला कुलूप घालायचं ठरलं आणि ते तुम्ही घातलंत. खालच्या टोकाला त्या साली पहिल्यांदा उन्हाळी भात पोसवला. शेतकरी ऑफिसात येऊन मला नारळ देऊन गेले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे तुमच्यापासून लपवून काय करू.

फाल्गुनात तुम्ही ऑफिसात आलात. टोपी हातात. असे तुम्ही कधी यायचा नाहीत.

"सायेब, खैरपाड्याला एक पाळी सोडू द्या. एकच."

"का?"

तुम्ही टोपी या हातातून त्या हातात घेतलीत. मग म्हणालात, "मागतायत."

"कोण मागतंय?"

"खैरपाडेवाले."

आजूबाजूचे कारकून माना वर करून बघू लागले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मेलेले अर्ज करत असतील तर त्यांना म्हणावं, छापील नमुना भरून आणा." सगळं ऑफिस हसलं. तुम्हीही थोडंसं हसल्यासारखं केलंत, साहेबाच्या विनोदाला हसावं लागतं तसं, आणि टोपी घालून निघून गेलात. ते हसू मी विसरलेलो नाही.

आता जे सांगतो ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी खैरपाड्याच्या जुन्या पाळीचा दिवस होता. मला संशय होता की तुम्ही गुपचूप दार उघडाल. म्हणून मी भर दुपारी सायकल काढून एकटाच गेलो. कुलूप जागेवर होतं. चारी कोरडी. तरीही खात्री करावी म्हणून खाली उतरलो. जोत्यांच्या मधून जाताना माझं मन मला सांगत होतं की मागे वळून बघू नकोस, आणि मी वळलो नाही. वरचं खाचर सुकून भेगाळलं होतं. पण त्याच्या वरच्या कडेला, जिथे चारी खाचराला मिळते, तिथे सावलीत ओल धरलेली माती अजून मऊ होती, आणि तिच्यात पावलं उमटलेली होती.

अनवाणी पावलं. बायकांची, पोरांची. पन्नास असतील, साठ असतील. येणारी-जाणारी पावलं नव्हती ती. एका ओळीत शेजारी शेजारी उभी होती, टाचा खोल रुतलेल्या, बराच वेळ उभं राहिल्यावर रुततात तशा. आणि सगळ्यांचे अंगठे एकाच दिशेला होते, चारीकडे. कालव्याकडे. ज्या बाजूने पाणी यायचं त्या बाजूला.

मी तिथे किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. पावलं कुठून आली, कुठे गेली, हे बघायला मी दहा पावलं पुढे गेलो असतो तर ओहोळ दिसला असता. ओहोळाच्या पलीकडचं टेकाड दिसलं असतं आणि त्याच्यावरची ठाकरवाडी, आदिवासींची. मी गेलो नाही. मी पळालो. सायकलवर बसलो तो कर्जत येईपर्यंत थांबलो नाही, आणि कुणाला काही बोललो नाही. लोक हसले असते. मीच त्यांना त्या नावावर हसायला शिकवलं होतं.

जिवंत माणसांची पावलं होती ती, मामा. मी त्यांना भुतांची समजलो.

चैत्र सरत आला तेव्हा निरोप आला की कालव्यात बाई सापडली. मी पोचलो तेव्हा तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे होतात, कचरा अडवायची लोखंडी जाळी असते तिथे, आणि तिला दोन्ही हातांवर धरलं होतंत. म्हातारी होती. वजन नसल्यासारखी. ठाकरांची, डोक्याचे केस पांढरे, गळ्यात मण्यांच्या माळा. तुम्ही तिला काठावर आणून ठेवलंत, तिचं लुगडं सारखं केलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात,

"भागी म्हातारी. ती ओ द्यायची."

तेवढंच. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. खैरपाड्याच्या रिकाम्या खाचरांत मुरलेलं पाणी खालच्या ओहोळात झऱ्याला यायचं. ठाकरवाडी चाळीस वर्षं तोच झरा पीत होती. बांध लिंपायच्या त्या वाडीतल्या बायका. पाळीच्या दिवशी तुमची हाक ऐकून टेकाडावरून भागी ओ द्यायची, म्हणजे हाक वाडीपर्यंत पोचली हे तुम्हाला कळायचं. मी दार बंद केलं आणि फाल्गुनात झरा आटला. आधी बायका जुन्या पाळीच्या दिवशी पोरं घेऊन चारीच्या तोंडाशी पाण्याची वाट बघत उभ्या राहिल्या, मग हंडे घेऊन वर कालव्यावर यायला लागल्या. मातीचा काठ होता तेव्हा मुळं होती, पाय ठेवायला खोबणी होत्या. आता गुळगुळीत सिमेंट होतं. माझ्या नकाशात तिथे पायऱ्या नव्हत्या, कारण तिथे पाणी भरणारं कुणी आहे हे माझ्या यादीत नव्हतं. भागी खाली वाकून हंडा बुडवत असताना पाणी वाढलं. तिला कमी दिसायचं. ऐकू चांगलं यायचं, पण ऐकण्यासारखं काही नव्हतं.

तिचा मुलगा बुधा आला. त्याने आईच्या पायाला हात लावला आणि उकिडवा बसून राहिला. मी त्याला विचारलं, झरा आटला तेव्हा ऑफिसला का नाही आलात. त्याला माझा प्रश्न खरोखरच समजला नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कशाला येनार?" तो म्हणाला. "पानी आमचं नव्हतं."

त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या ओटीवर मी तुम्हाला विचारलं, मला का नाही सांगितलंत. तुम्ही डब्यातून सुपारी काढून अडकित्त्यात धरलीत.

"वाडीचं नाव घेतलं असतं तर तुमी पयलं काय इचारलं असतं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मी विचारलं असतं, त्यांचा हक्क कुठे नोंदला आहे.

"वरच्या अंगाला एक वाडी हाय. तिथं बायका पाटाच्या झिरपनाऱ्या पान्यावर हंडे भरायच्या. त्यांच्यासाठी कोनीतरी चांगल्या मनानं अर्ज केला. उत्तर आलं, परवानगी नाय. झरा बुजवून टाकला. मी बघितलाय." तुम्ही सुपारी परत डब्यात ठेवलीत. "खैरपाड्याचं नाव होतं तोपर्यंत कोनी खाली उतरून बघितलं नाय. भीत होते. तुमीपन भिऊन परत जाल असं मला वाटलेलं."

मी भ्यालो होतो, मामा. भिऊनच मी ती नोंद खोडली होती. तुम्ही माझ्या भीतीवर भरवसा ठेवलात आणि ती उलट्या बाजूला गेली, एवढंच.

पुढचं सगळं तुमच्या समोर झालं. मी पाळीपत्रक बदलून घ्यायला कागद केला आणि आपला दुसरा वाद सुरू झाला. मला खैरपाड्याच्या जागी ठाकरवाडीचं नाव घालायचं होतं, पिण्याचं पाणी म्हणून. तुम्ही नको म्हणत होतात. वाडी उजेडात आली की कुणीतरी तिच्यावर बोट ठेवील, जुनं नाव राहू द्या, त्याच्या आडोशाला त्या जगतील. मी म्हणत होतो, आडोशानेच भागीचा जीव गेला. तुम्ही म्हणत होतात, आडोसा काढल्याने गेला. यातलं खरं काय हे आपण ठरवू शकलो नाही. शेवटी मी दोन्ही नावं लिहिली. खैरपाडा, आणि खालची ठाकरवाडी पिण्यासाठी. वरच्या साहेबांनी काही न विचारता सही केली. सिमेंटमध्ये पायऱ्या फोडायचं कामही त्याच कागदात बसवलं.

ज्या सकाळी कुलूप काढलं त्या सकाळबद्दल मात्र आपण कधी बोललो नाही.

सगळी वाडी वर आली होती. पायऱ्यांच्या कामाला हात लावायचा होता म्हणून बुधाने प्रत्येक घराला बोलावलं होतं. बायका, बाप्ये, तान्ही पोरं, काठी टेकत आलेले म्हातारेसुद्धा काठावर उभे होते. खाली टेकाडावर चुलीचा धूर नव्हता. तुम्ही कुलूप काढलंत, चाक फिरवलंत, पाणी चारीला लागलं. आणि सवयीने, मला वाटतं निव्वळ सवयीने, तुम्ही तोंडाभोवती हात धरून हाक घातलीत. हाक गेल्यावर तुमच्या लक्षात आलं. हात खाली आले नाहीत, तसेच राहिले.

खालून उत्तर आलं.

बारीक आवाज, एकच अक्षर, शेवटाला उंच ओढलेलं. जितका वेळ पहिल्या दिवशी लागला होता तितकाच वेळ लागला.

मी पुढे कितीतरी वेळा मनाला समजावलं की डोंगरावरून आवाज परत येतो, एखादा पक्षी असतो, मोर असतो. पण मी एकट्याने ऐकलं नव्हतं. एका बाईच्या डोक्यावर घमेलं होतं, तिचा घमेल्याला धरलेला हात थांबला. बुधाने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. लहान पोरं रडायची थांबली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी तुमच्याकडे बघितलं, कारण मला दुसरीकडे कुठे बघायचं धाडस नव्हतं. तुमचा चेहरा शांत होता. तुम्ही चाकाला हात घातलात आणि दार आणखी दोन बोटं वर उचललंत.

मग कुणीतरी पहार मारली आणि काम सुरू झालं.

माझी बदली झाली, मी परत घाटावर गेलो. नव्या गावी मी कुठलीही यादी करताना खालच्या अंगाला ओहोळापर्यंत उतरून बघायचो. बरोबरीचे लोक कंटाळायचे. हे तुमच्याकडून मिळालं, आणि कशाच्या बदल्यात मिळालं हे मी त्यांना कधी सांगू शकलो नाही. जिल्ह्याचं कुलाबा हे नाव जाऊन रायगड झालं त्या सुमाराला तुमचं कार्ड आलं होतं, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं. खैरपाड्याच्या एका जुन्या घरातल्या माणसाने शिळफाट्याहून येऊन आपली जमीन मुंबईच्या माणसाला विकली, नव्या मालकाला ते पाणी बागेसाठी हवं होतं, पण वहीत वाडीचं नाव निघालं म्हणून त्याला हात लावता आला नाही. मी उलट टपाली चार पानांचं पत्र लिहिलं. त्यात कुठेतरी, मला आठवतंय, आपल्या वादात माझं बरोबर होतं असंही लिहून गेलो. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं. वाडीला पाणी हाय, तुमी या कधीतरी.

मी आलो नाही. येईन म्हणत राहिलो. तुम्ही माझ्यासमोर बसाल, भागीबद्दल एक अक्षर बोलणार नाही, आणि न बोलता मला दोष देत राहाल, असं मला वाटायचं. तुमच्या गप्प राहण्याला मी तेवढाच अर्थ लावला होता.

परवा मांडवातून माणसं उठली आणि मी निघायच्या तयारीत होतो तेव्हा मामींनी मला ओटीवर थांबवलं. आत पाहुणे होते म्हणून हळू आवाजात बोलल्या.

"शेवटच्या दिसांत तुमची लई आठवन काढायचे. म्हनायचे, तो सायेब अजून मनाला लावून बसला असंल. आला तर त्याला सांग, लिवलं त्यानं, पन कुलूप मी घातलं. चावी माझ्या कमरेला होती. झरा आटलेला मी बघत होतो. एक पाळी सोडली असती तर कोनाला कळनार होतं? असं म्हनायचे आन् भिंतीकडं तोंड करायचे. मी म्हनायची, मग का नाय सोडलीत? तर गप बसायचे."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

मामा, एवढी वर्षं तुम्ही ते एकट्याने वाहत होतात आणि मी समजत होतो की तुम्ही माझा हिशेब धरून बसला आहात. मामींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे होतं. तुम्ही टोपी घेऊन ऑफिसात आलात, मी सगळ्यांना हसवलं, आणि तुम्ही गेल्यावर मी टाइप करून तुमच्या नावाने ताकीद पाठवली होती. खैरपाड्याचं दार उघडं दिसलं तर कामावरून काढण्यात येईल. खाली माझी सही. तो कागद तुम्ही घरी दाखवला नाहीत. तेव्हा नाही, नंतरही नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेले असतानाही नाही.

परवा मी मामींना सांगितलं. कागदात काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं, सही कुणाची ते सांगितलं.

त्या पदर सारखा करून आत गेल्या. मी ओटीवर बसून राहिलो, शेवटची गाडी निघून गेली तरी उठलो नाही. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर ताट ठेवलं.